माझंच अंग माझ्यावर का उठलं?

आपल्या प्रत्येकाच्या रक्तात या घडीला अशा काही पेशी फिरत आहेत, ज्या आपल्याच सांध्यांवर, कातडीवर, थायरॉइडवर तुटून पडू शकतात. आजारी माणसाच्याच रक्तात असं नाही, धडधाकट माणसाच्याही. लातूरला बारावीच्या वर्गात मी हे सांगते तेव्हा पोरं लिहायचं थांबून वर बघतात. त्यांच्या पुस्तकात या विषयाला मोजक्या ओळी आहेत. कधीकधी शरीर स्वतःच्याच पेशींवर हल्ला करतं, त्यातून होणाऱ्या आजाराला ऑटोइम्यून आजार म्हणतात, आणि ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस हा सांध्यांचा आजार त्यातलाच एक. नीटच्या परीक्षेला तेवढं पुरतं. मला पुरत नाही, कारण ती ओळ वाचताना मला माझी मामी दिसते.

मामीनं मला वाढवलं. आमच्या गावात पुढची शाळा नव्हती म्हणून मी औसा तालुक्यात मामाकडं राहिले. काठवटीत पीठ मळून, थापून, पाणी फिरवून तव्यावर टाकलेली तिची ज्वारीची भाकर पुरीसारखी टम्म फुगायची. धाकट्याच्या बाळंतपणानंतर काही महिन्यांत सकाळी उठल्यावर तिची बोटं वळेनाशी झाली. "मूठ मिटंना गं बाई," म्हणायची. तास-दीड तासानं हात जरा मोकळे व्हायचे. मग मनगटं सुजली, दोन्हीकडं सारखीच. गल्लीतल्या बायकांनी तोवर कारण शोधून ठेवलं होतं: बाळंतपणात गार पाण्यात हात घातले, ओल्या अंगानं वाऱ्याला बसली, पथ्य पाळलं नाही. तिची सासूही तेच म्हणायची. निरगुडीचा शेक झाला, बिब्ब्याचे चटके झाले. त्यांचे काळे डाग अजून मनगटावर आहेत. कुणाकडची तरी सुई घेतली की चार दिवस बरं वाटायचं आणि पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. लातूरला सांध्यांच्या डॉक्टरांकडं पोचेपर्यंत बोटं बाहेरच्या बाजूला कलली होती.

डॉक्टरांनी रक्त तपासलं आणि समजावून सांगितलं, की मावशी, तुमची रोगप्रतिकारक शक्ती तुमच्याच सांध्यांना शत्रू समजते आहे. त्यांनी नीट आणि खरं सांगितलं होतं. पण परतीच्या एसटीत मामी बराच वेळ गप्प होती आणि मग म्हणाली, "माझंच अंग माझ्यावर का उठलं गं? मी काय वाईट केलतं त्याचं?"

तिच्या आवाजात दुखण्याची तक्रार नव्हती, अपराधीपणा होता. गार पाण्याचा आरोप तिनं इतकी वर्षं ऐकून घेतला होता, आता तिच्या स्वतःच्या अंगानंही तिच्यावर बोट ठेवलं असं तिला वाटलं. त्या प्रश्नावर आम्ही दोघी पुढं कितीतरी संध्याकाळी बोललो आहोत. मला जे उमगत गेलं ते असं, की तिच्या प्रश्नाच्या आधी एक मोठा प्रश्न उभा आहे: बाकीच्यांचं अंग त्यांच्यावर का उठत नाही?

जंतू किती प्रकारचे येतील हे शरीराला आधी कळत नाही. उद्या एखादा असा विषाणू येईल जो आज पृथ्वीवर नाहीही. त्याला ओळखणारी पेशी आधीपासून तयार हवी. मग शरीर करतं काय, तर लिंफोसाइट नावाच्या पांढऱ्या रक्तपेशींवरचे ओळखणारे रेणू, म्हणजे रिसेप्टर, अंदाधुंद तयार करतं. जनुकांचे थोडेसे तुकडे उलटसुलट जोडून त्यातून कोट्यवधी वेगवेगळे रिसेप्टर निघतात. सुसुमु टोनेगावा यांना हे तुकड्यांचं गणित उलगडल्याबद्दल १९८७ चं नोबेल मिळालं. या पद्धतीत एक धोका मुळातच आहे. अंदाधुंद घडवलेल्या रिसेप्टरांपैकी काही आपल्याच इन्शुलिनला, आपल्याच कूर्चेला जाऊन चिकटणार, हे टळत नाही. जी युक्ती आपल्याला अनोळखी साथीतून वाचवते, तीच आपल्यावर उठू शकणाऱ्या पेशीही जन्माला घालते. दोन्ही एकाच कुशीतून येतात. मामीच्या अंगात काही वेगळं, कुणाच्यात नसलेलं वाईट शिरलं नव्हतं.

शेळ्या सांभाळलेल्या माणसाला पुढची गोष्ट सांगायला मला विशेष आवडतं. १९०० च्या सुमारास जर्मनीत पॉल एर्लिख यांनी एका शेळीला दुसऱ्या शेळ्यांचं रक्त टोचलं. त्या शेळीनं परक्या शेळ्यांच्या लाल पेशी फोडणारी प्रतिद्रव्यं, म्हणजे अँटिबॉडी, तयार केली, पण तिच्या स्वतःच्या लाल पेशींना धक्का लागला नाही. शेळीच ती, रक्तही शेळीचंच, तरी तिला आपलं आणि परकं कळत होतं. एर्लिख यांनी यावरून म्हटलं, की स्वतःला विष देण्याचा शरीराला अंगभूत तिटकाराच असतो. हे मत वैद्यकात इतकं रुजलं, की शरीर स्वतःवर हल्ला करू शकतं हे मानायला पुढची कित्येक दशकं डॉक्टर तयार नव्हते. १९५६ साली नोएल रोझ आणि अर्न्स्ट विटेब्स्की यांनी सशांमध्ये त्यांच्याच थायरॉइडविरुद्ध प्रतिक्रिया घडवून दाखवली, त्याच वर्षी लंडनमध्ये हाशिमोटो या थायरॉइडच्या आजाराच्या रुग्णांत स्वतःच्या थायरॉइडविरुद्धची प्रतिद्रव्यं सापडली, तेव्हा कुठं हे दार उघडलं. मामीला ज्या आजारानं गाठलं, त्या जातीचा आजार असूच शकत नाही असं मानणारं शास्त्र एकेकाळी होतं, हे ऐकून ती म्हणाली होती, "मग तर मला लबाडच म्हणले असते की."

तर ही ओळख शरीर शिकतं कधी? याचा पहिला धागा गोठ्यात सापडला. आमच्याकडं देवणी गाईंचं कौतुक फार. उदगीर-देवणीच्या पट्ट्यात काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांची ती जनावरं डौलात चालतात. गाईला जुळं क्वचित होतं, आणि गोऱ्ह्यासोबत जन्मलेली कालवड बहुतेक वेळा गाभण राहत नाही, हे कुठलाही पशुवैद्य सांगेल. गर्भात असताना दोघांच्या वारेतल्या रक्तवाहिन्या जोडल्या जातात आणि रक्ताची सरमिसळ होते, हे त्याचं कारण. १९४५ साली अमेरिकेत विस्कॉन्सिनला रे ओवेन यांच्या लक्षात आलं, की अशी न-एकसारखी जुळी जनावरं मोठी झाल्यावरही भावंडाच्या रक्तपेशी अंगात बाळगून असतात. त्यांचं शरीर त्या पेशी परक्या मानतच नाही. यावरून ऑस्ट्रेलियात मॅकफार्लेन बर्नेट यांनी तर्क केला, की 'आपलं' काय हे जनुकांत कोरलेलं नसून आयुष्याच्या सुरुवातीला शिकलं जातं. पीटर मेडावर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५३ मध्ये ते उंदरांत सिद्ध केलं: गर्भातल्या पिलाला दुसऱ्या वाणाच्या उंदराच्या पेशी टोचल्या, तर मोठेपणी ते त्या वाणाच्या उंदराची कातडी बिनतक्रार धरून ठेवतं. बर्नेट आणि मेडावर यांना १९६० चं नोबेल मिळालं.

शिकण्याची जागा मात्र अजून सापडायची होती. छातीच्या मधल्या हाडामागं, हृदयाच्या वर, थायमस नावाची एक मऊ ग्रंथी असते. लहानपणी ती भरलेली असते, वयात आल्यावर आक्रसत जाते आणि तिच्या जागी हळूहळू चरबी भरते. बराच काळ ती निरुपयोगी मानली गेली. १९६१ साली जॅक मिलर यांनी नुकत्याच जन्मलेल्या उंदरांतून ती काढून टाकली, तेव्हा ती पिलं जंतूंपुढं उघडी पडली. लिंफोसाइटांचा एक प्रकार असलेल्या टी पेशी तिथं घडतात. आणि नुसत्या घडत नाहीत, पारखल्या जातात. ज्या पेशीचा रिसेप्टर काहीच ओळखू शकत नाही ती मरते. ज्या पेशीचा रिसेप्टर आपल्याच प्रथिनाला घट्ट चिकटतो, तिलाही मरावं लागतं किंवा तिचा स्वभाव बदलावा लागतो. थायमसमध्ये जन्मलेल्या शंभर पेशींतून पाचसुद्धा बाहेर पडत नाहीत. मी शिकवत असलेल्या सगळ्या जीवशास्त्रात इतकी कठोर जागा मला दुसरी माहीत नाही.

इथं एक अडचण उभी राहते, आणि तिचं उत्तर वाचलं त्या रात्री मला झोप आली नाही. थायमस छातीत आहे. इन्शुलिन बनतं स्वादुपिंडात, डोळ्याची प्रथिनं डोळ्यात, थायरॉइडची गळ्यात. मग छातीत बसून एखाद्या पेशीला 'हे इन्शुलिन आपलं आहे' हे कसं कळावं? उत्तर असं, की थायमसच्या गाभ्यातल्या काही पेशी एअर नावाच्या जनुकाच्या मदतीनं साऱ्या शरीराची प्रथिनं स्वतःच थोडी थोडी बनवतात. छातीतली पेशी इन्शुलिन बनवते. त्या इन्शुलिनचा साखरेशी काही संबंध नाही, ते फक्त वाढत्या टी पेशींना दाखवण्यासाठी असतं. हे जनुक १९९७ मध्ये सापडलं आणि त्याचं काम २००२ मध्ये उलगडलं. ज्या थोड्या मुलांत ते बिघडलेलं असतं, त्यांच्या एकामागून एक ग्रंथींवर त्यांचंच शरीर चालून जातं. हाडांच्या मगजात घडणाऱ्या बी पेशींचीही, म्हणजे प्रतिद्रव्यं बनवणाऱ्या लिंफोसाइटांचीही, अशीच पारख होते. तिथं एक जादा सवलत आहे, रिसेप्टर चुकीचा निघाला तर पेशी तो पुन्हा जुळवून बघते.

एवढं करूनही काही पेशी निसटतात. सर्वांच्या निसटतात. मी सुरुवातीला म्हटलं त्या याच.

त्यांना बाहेर कोण आवरतं? एक व्यवस्था अशी, की टी पेशीला नुसतं लक्ष्य दिसून चालत नाही, संकट आहे असा दुसरा इशाराही लागतो. तो मिळाला नाही तर ती पेशी बधिर होऊन बसते. पण सगळ्यात मोठं काम आहे नियामक टी पेशींचं, आणि त्यांची कथा मला मनापासून प्रिय आहे, कारण ती टिकून राहिलेल्या माणसाची कथा आहे. १९६९ साली जपानमध्ये निशिझुका आणि साकाकुरा यांनी पाहिलं, की जन्मानंतर तिसऱ्या दिवशी थायमस काढलेल्या उंदराच्या माद्यांची बीजांडकोशं नष्ट होतात. थायमस गेल्यावर प्रतिकार कमी व्हायला हवा होता, इथं उलट शरीर स्वतःवरच चालून गेलं होतं. शिमोन साकागुची या तरुण संशोधकानं तो धागा धरला. त्याच काळात 'दाबणाऱ्या टी पेशी' ही कल्पना एकदा खूप गाजली आणि तिच्यामागचे पुरावे कोसळल्यावर साफ बदनाम झाली. त्या विषयाचं नाव काढायलाही लोक कचरत होते. साकागुची काम करत राहिले. १९९५ मध्ये त्यांनी दाखवलं, की सीडी२५ ही खूण अंगावर वागवणाऱ्या टी पेशींचा एक छोटा गट बाकीच्यांना आवरतो. तो काढला की उंदराचे अवयव एकामागून एक सुजतात, परत दिला की आजार टळतो.

दुसरा धागा अमेरिकेतला. १९४९ मध्ये ओक रिज इथल्या प्रयोगशाळेत काही नर उंदीर खवल्यांच्या कातडीचे, सुजलेल्या प्लीहेचे जन्मले आणि काही आठवड्यांत मेले. त्यांच्याच टी पेशी त्यांचे अवयव खात होत्या. दोष एक्स गुणसूत्रावर होता, पण नेमका कुठं हे अर्धं शतक कळलं नव्हतं. मेरी ब्रुंकोव्ह आणि फ्रेड रॅम्सडेल यांनी शोधाचा पट्टा वीस जनुकांपर्यंत आणला आणि एकेक तपासत गेले. दोष विसाव्यात, शेवटच्यात निघाला. २००१ साली जाहीर झालेलं ते जनुक म्हणजे फॉक्सपी३. तेच बिघडलेली मुलं माणसांतही जन्मतात. त्यांना तान्हेपणीच मधुमेह, जुलाब, कातडीचे आजार एकदम गाठतात. पुढच्या दोनेक वर्षांत स्पष्ट झालं, की साकागुचींच्या पेशी या जनुकाच्याच जोरावर घडतात. या तिघांना २०२५ चं वैद्यकाचं नोबेल मिळालं. बातमी आली त्या दिवशी मी मामीला फोन केला. तिला नावं कळली नाहीत, कळायची गरजही नव्हती. "म्हणजे आवरणारं कुणीतरी आत असतंय," एवढं ती म्हणाली.

तिच्याच तोंडून मला एक गोष्ट अशी मिळाली, जी मी आता वर्गात वापरते. घशाला होणाऱ्या एका प्रकारच्या जंतुसंसर्गानंतर काही मुलांना सांधेदुखीचा ताप येतो आणि हृदयाच्या झडपा खराब होतात. त्या स्ट्रेप्टोकॉकस जंतूच्या अंगावरचं एक प्रथिन हृदयाच्या प्रथिनासारखं दिसतं, म्हणून जंतूवर काढलेलं हत्यार हृदयालाही लागतं. हे मी सांगत होते तर मामी म्हणाली, "खुरपणीला तसंच असतंय की. कोवळेपणी ज्वारीतलं तण ज्वारीसारखंच दिसतं. नवी बाई लावली की तणाबरोबर पीकबी उपटती." जन्मभर वाकून खुरपणी केलेल्या बाईचं हे बोलणं आहे. त्याहून नेमकं मला सुचलेलं नाही. या तापाची झळ आपल्याकडं अजून बसते, आणि घशाच्या त्या संसर्गावर वेळेत पेनिसिलिन मिळालं तर तो टळतो, म्हणून हे सांगणं मी सोडत नाही.

आवर काढला तर काय होतं, हे कर्करोगाच्या नव्या औषधांनी थेट दाखवलं. टी पेशींवरचे सीटीएलए-४ आणि पीडी-१ हे लगाम सैल केले, तर त्या गाठीवर तुटून पडतात. जेम्स ॲलिसन आणि तासुकू होंजो यांना यासाठी २०१८ चं नोबेल मिळालं. पण त्यातल्या बऱ्याच रुग्णांची आतडी सुजतात, थायरॉइड बिघडतं. लगाम सैल होताच आपल्यावर उठणाऱ्या पेशी निरोगी माणसांत आधीपासूनच होत्या, याचा आणखी कुठला पुरावा हवा?

आता मामीचा आजार. सुजेच्या ठिकाणी काही प्रथिनांत बारीक रासायनिक बदल होतो, त्यातलं आर्जिनीन जाऊन सिट्रुलीन येतं. ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिसच्या बऱ्याच रुग्णांत या बदललेल्या प्रथिनांविरुद्ध प्रतिद्रव्यं असतात. डॉक्टर लिहून देतात ती अँटी-सीसीपी चाचणी त्यांचीच. ही प्रतिद्रव्यं सांधे दुखू लागण्याच्या कित्येक वर्षं आधीपासून रक्तात असू शकतात. म्हणजे मामीनं तो गार पाण्याचा हंडा उचलला, त्याच्या कितीतरी आधीच आतमध्ये काहीतरी सुरू झालेलं असू शकतं. बाळंतपणाशी संबंध आहे, पण बायका सांगतात तो नाही. गरोदरपणात आई पोटातल्या निम्म्या परक्या जिवाला सांभाळते, त्यासाठी तिची प्रतिकारव्यवस्था वेगळी वागते. त्या काळात हा आजार अनेकींत निवतो आणि बाळंतपणानंतरच्या महिन्यांत उसळतो किंवा पहिल्यांदा दिसतो. बायकांना तो पुरुषांपेक्षा दोन ते तीन पट अधिक होतो. जनुकांचा वाटा आहे, धूम्रपानाचा आहे. तरीही अगदी एकसारख्या जुळ्या बहिणींपैकी एकीला झाला, तर दुसरीला होण्याची शक्यता साधारण १५ टक्केच. तेच जनुक, तीच कूस, बहुतेक वेळा तेच घर. उरलेलं बरंचसं त्या अंदाधुंद जुळणीवर आणि नशिबावर. हा आकडा मी मामीला सांगितला तेव्हा तिनं तो पुन्हा म्हणून घेतला आणि नंतर मी घरी नसताना शेजारणींना ऐकवला.

तिचं औषध मेथोट्रेक्सेट. ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. रोज घेतली तर जिवावर बेतू शकतं, म्हणून तिच्या सोमवारच्या गोळीवर मामानं कॅलेंडरात खूण करायची पद्धत लावली आहे. दुसऱ्या दिवशी फॉलिक ॲसिड, ठरावीक काळानं यकृताची आणि रक्ताची तपासणी. मूल हवं असलेल्या बाईनं ही गोळी घेऊ नये, तिच्यासाठी वेगळी औषधं आहेत. सोबत हायड्रॉक्सिक्लोरोक्वीनही होती. २०२० मध्ये करोनावर चालते म्हणून सगळे या गोळीमागं लागले, तेव्हा मामीसारख्यांना ती मिळवताना नाकीनऊ आले. वाकलेली बोटं सरळ झाली नाहीत, होणारही नव्हती. पण सूज उतरली, आणि भाकर आता सून थापते तरी पीठ मामीच मळते.

मागच्या दिवाळीत गेले तेव्हा शेजारची एक बाळंतीण लेकरू घेऊन ओट्यावर आली होती. बोटं आखडतात म्हणाली. तिची आजेसासू बिब्बा आणायला निघालीच होती. मामीनं तिला थांबवलं आणि पोरीला विचारलं, सकाळी किती वेळ आखडतात, दोन्ही हातांची का, मनगट दाबलं तर दुखतं का. पोरगी म्हणाली, तास तरी जातो. मामीनं तिच्या नवऱ्याला बोलावून लातूरच्या डॉक्टरांचा पत्ता दिला, पहिल्या काही महिन्यांत औषध सुरू झालं तर हाडं वाचतात हे बजावलं, आणि आजेसासूकडं वळून म्हणाली, "काकू, गार पाण्याचं तेवढं बोलू नका तिला. मला बोललाव ते बास झालं."